पंपाजवळच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतो तेव्हा
जमीन आणि भूजल कसं तपासतात, हिवरे बाजारच्या मोजमापाच्या आधारानं

पेट्रोल पंपाची फरशी, मागे शेत, शेतात विहीर, असं चित्र आता तालुक्यातालुक्यात दिसतं. फरशीवर आपल्याला नोझल आणि यंत्रं दिसतात. खरा साठा असतो फरशीखालच्या भूमिगत टाक्यांमध्ये, हजारो लिटर. टाकीला किंवा तिच्या नळ्यांना बारीक छिद्र पडलं तर इंधन मातीत उतरतं आणि पुढे पाण्यापर्यंत पोचतं. वर कुणाला काही दिसत नाही. अनेकदा पहिली खबर शेजारची विहीरच देते.

अशी शंका आली तर तपास कसा होतो, कोणत्या क्रमानं होतो आणि तो कुठे फसतो, हे या लेखात पाहू. विहिरीचे मालक, ग्रामपंचायत सदस्य आणि प्रामाणिक पंपचालक या तिघांनाही ते माहीत असायला हवं. तपासाचं बरंचसं काम तज्ज्ञांचं असलं तरी तज्ज्ञांना लागणारी निम्मी माहिती गावाकडेच असते. निदान असायला हवी.

हिवरे बाजार इथे कशासाठी?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं श्रमदान केलं, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, डोंगरउतारावर सलग समतल चर खणले. ही कहाणी आपण ऐकलेली असते. त्या कामांना जोड मिळाली मोजण्याच्या सवयीची, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

तिथे गावात पडलेला पाऊस मोजतात, विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवतात. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, हे नियम त्या हिशेबाला धरून आहेत.

हा हिशेब पाणी किती आहे यासाठी आहे, पेट्रोलच्या गळतीसाठी नाही. पण दूषित भूजलाचा तपास सुरू होतो तोही याच प्रश्नांनी. पाणी किती खोल आहे? ते कुठून कुठे वाहतं? पावसाळ्यात किती चढतं, उन्हाळ्यात किती उतरतं? ज्या गावाला याची उत्तरं आधीपासून माहीत आहेत, तिथला तपास लवकर मार्गी लागतो. या लेखात मुख्यतः सांगायचं आहे ते एवढंच: गळती झाल्यावरच्या शंभर नमुन्यांइतकीच मोलाची असते गळतीआधीची एक व्यवस्थित नोंद.

सगळ्यात आधी जीव सांभाळा

विहिरीच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला किंवा वर तवंग दिसला तर ते पाणी माणसांना आणि जनावरांना देणं लगेच बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती विहिरीत खाली साचून राहते. विहिरीवरची मोटार चालू करू नका, जवळ बिडी-काडी पेटवू नका आणि कुणालाही आत उतरू देऊ नका. एका ठिणगीनं भडका उडू शकतो. आत उतरलेला माणूस वाफेनं गुदमरू शकतो.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, पाणी उकळून पिणं. उकळल्यानं जंतू मरतात, पण पेट्रोलमधली द्रव्यं वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत जातात आणि तीच हवा आपण श्वासात घेतो. दुसरी, विहिरीत टीसीएल पावडर टाकणं. ती जंतूंसाठी आहे, तेलावर तिचा उपयोग नाही. तिसरी, विहीर उपसून रिकामी करणं. उपसलेलं दूषित पाणी ओढ्यात किंवा शेतात पसरतं, आणि रिकामी विहीर आजूबाजूचं इंधन आणखी जोरानं स्वतःकडे ओढते.

खबर ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला लेखी द्या. भूमिगत टाक्यांना परवाना देणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय नागपूरला आहे. पंप ज्या तेल कंपनीचा आहे तिलाही कळवा. आगीचा धोका वाटला तर थेट ११२ ला फोन करा.

इंधन जमिनीखाली काय करतं?

तपास समजायचा तर आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहू. नगर भागात वर काळी माती किंवा बरड, तिच्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या दगड आणि मग काळा पाषाण, असा क्रम साधारणपणे सापडतो. हा सगळा दख्खनच्या लाव्हाचा खडक. त्यात वाळूसारखं सलग पाणी साठत नाही. पाणी राहतं मुरमात, दगडाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात.

गळलेलं पेट्रोल आधी मातीतून खाली झिरपतं. काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, काही वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत पसरतो. उरलेलं पाणीपातळीपर्यंत पोचलं की तिथे पसरतं, कारण पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत. या तरंगत्या थरातून बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन ही चार द्रव्यं हळूहळू पाण्यात विरघळतात. तज्ज्ञ या चौघांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात. विरघळलेला भाग पाण्याबरोबर पुढे सरकतो. विहिरीत दिसणारा तवंग आणि विहिरीत न दिसणारं विरघळलेलं बेंझिन हे दोन वेगळे धोके आहेत. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत बेंझिन चालेल, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. आता हिशेब करून पाहा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये फार तर १० मिलिलिटर, वजनानं पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. एवढं सगळं बेंझिन पाण्यात विरघळलं, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकतं. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० मीटर पाणी असेल तर ते होतं सुमारे २ लाख ८० हजार लिटर. म्हणजे अशा तीन विहिरी बिघडवायला एक लिटर पेट्रोल पुरतं.

इथेनॉलचाही विचार करायला हवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि जमिनीतले जिवाणू ते आधी खातात. त्यात पाण्यातला प्राणवायू संपून जातो. मग बेंझिन खाणाऱ्या जिवाणूंना तो उरत नाही, आणि बेंझिन पाण्याबरोबर आणखी लांब जाऊ शकतं.

टप्पा १: कागदं आणि आठवणी

तपासाची सुरुवात खणण्यानं करायची नसते, माहिती गोळा करण्यानं करायची असते. टाक्या कधी बसवल्या, कुठे आहेत, नळ्या कोणत्या बाजूनं जातात, टँकर कुठे रिकामा करतात, कधी सांडलं होतं का, हे आधी विचारतात. पंपाच्या शेजारी जुनं गॅरेज होतं का, जळकं ऑइल कुठे ओतत, पूर्वी इथे दुसरा बंद पडलेला पंप होता का, हेही विचारतात. गावातल्या जुन्या माणसांना यातलं बरंच आठवत असतं. प्रत्येक आठवण नाव, जागा आणि अंदाजे सालासकट लिहून घ्यावी.

पंपावर रोज सकाळी डिप रॉड टाकून साठा मोजतात आणि नोंदवहीत लिहितात. हिशेब सरळ आहे: आदल्या दिवशीचा साठा, अधिक टँकरनं आलेला माल, वजा नोझलमधून विकलेला माल. हा आकडा आणि डिप रॉडचा आकडा जुळायला हवा.

तो रोज तंतोतंत जुळत नाही, आणि फसगत इथेच होते. पेट्रोलचं आकारमान तापमानानुसार बदलतं. २०,००० लिटर पेट्रोल १ अंशानं थंड झालं तर २० लिटरच्या आसपास कमी भरतं. त्यामुळे रोजची ५ लिटरची गळती या चढउतारात सहज लपून जाते. पण वर्षाला ती १,८०० लिटरवर जाते. म्हणून एका दिवसाचा फरक पाहू नये, महिन्याची बेरीज पाहावी. तापमानाचा फरक कधी अधिक येतो, कधी उणा. फरक सतत उणाच येत असेल तर बाष्पीभवनाची नेहमीची घट वजा करून उरलेल्या तुटीचा जाब विचारायला हवा.

आणखी एक खूण आहे, टाकीत पाणी येणं. पावसाळ्यात पाणीपातळी टाकीच्या तळाच्या वर चढली, तर ज्या छिद्रातून एरवी इंधन बाहेर जातं, त्यातूनच पाणी आत येतं. झाकणातून पावसाचं पाणी शिरल्यानंही असं होतं, म्हणून आधी झाकण तपासावं. झाकण ठीक असेल तर टाकीची दाबचाचणी करून घ्यावी.

टप्पा २: शिवारफेरी

आता पंपाभोवतीच्या सगळ्या विहिरी, बोअर, हातपंप, ओढे आणि शेततळी नकाशावर मांडायची. सुरुवातीला ५०० मीटरचा परिसर घ्यावा. प्रत्येक ठिकाणी पाणी कशासाठी वापरतात, मोटार किती वेळ चालते आणि वास कधीपासून येतो हे लिहावं. विहिरीला आडवे बोअर मारले आहेत का, हे विचारायला विसरू नका. आडव्या बोअरमधून लांबचं पाणी विहिरीत येतं, आणि मग तपासणारा भलत्याच दिशेला शोधत बसतो.

तवंग दिसला की तो तेलाचाच असतो असं नाही. लोहाच्या जिवाणूंमुळेही साचलेल्या पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा येतो. ओळखायची साधी रीत अशी: वाफेचा धोका नाही याची खात्री करून पोहऱ्यानं थोडं पाणी भांड्यात घ्या आणि काडीनं तवंग मोडा. जिवाणूंच्या पापुद्र्याचे तुकडे पडतात आणि ते तुटलेलेच राहतात. तेलाचा तवंग काडीभोवती फिरतो आणि पुन्हा जुळून येतो. या खुणेनं शंका पक्की होते. पुरावा मात्र प्रयोगशाळाच देते.

वासावरही पूर्ण विसंबू नये. रोज तो वास घेणाऱ्याचं नाक सरावतं. शिवाय बेंझिनचं जे प्रमाण घातक आहे, ते नाकाला कळतही नाही.

टप्पा ३: पाणी कुठे वाहतं ते शोधणं

हिवरे बाजारसारख्या गावाची नोंदवही सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती इथे. दिशा काढायला किमान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका ओळीत नसाव्या लागतात. प्रत्येकीचं पाणी कठड्यापासून किती खोल आहे ते टेपनं मोजायचं आणि कठड्याची उंची एकाच समान खुणेपासून काढायची. पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर जवळच्या अंतराला चालतो. लांबच्या अंतराला डंपी लेव्हल लागते.

उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या विहिरीचा कठडा १००.०० मीटरवर आहे आणि पाणी ७.२० मीटर खोल, म्हणजे पाण्याची उंची ९२.८०. दुसरीचा कठडा ९८.५० वर, पाणी ६.१० खोल, म्हणजे उंची ९२.४०. तिसरीचा कठडा ९७.०० वर, पाणी ५.८० खोल, म्हणजे उंची ९१.२०. नुसती खोली पाहिली तर तिसऱ्या विहिरीचं पाणी सगळ्यात वर वाटतं. खरं तर ते सगळ्यात खाली आहे. फक्त खोली लिहायची आणि कठड्याची उंची धरायची नाही, ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक.

आता दिशा काढू. पहिल्या आणि तिसऱ्या विहिरीच्या पाण्यात १.६० मीटरचा फरक आहे. दुसरीची ९२.४० ही उंची पहिलीपेक्षा ०.४० नं कमी, म्हणजे त्या फरकाचा पाव हिस्सा. नकाशावर पहिलीपासून तिसरीकडे जाणाऱ्या रेषेवर पाव अंतरावर खूण करा आणि ती दुसऱ्या विहिरीशी जोडा. ही झाली समान पातळीची रेषा. पाणी तिला काटकोनात, तिसऱ्या विहिरीच्या बाजूला वाहतं.

तिन्ही मोजमापं एकाच दिवशी घ्या, मोटारी किमान रात्रभर बंद ठेवून. मोटार चालू असलेली विहीर आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते आणि दिशाच बदलते. शिवाय आपला खडक भेगांचा असल्यानं पाणी नेहमी काटकोनात जाईलच असं नाही. मोठी भेग असेल तर ते तिरपं जातं. म्हणून काढलेली दिशा हा पहिला अंदाज समजावा आणि प्रत्येक ऋतूत पुन्हा पडताळून पाहावा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. आपल्या भागातल्या अशा विहिरीच्या नोंदी जिल्हा कार्यालयात विचाराव्यात.

टप्पा ४: उगम, वाट आणि वापर

आतापर्यंतच्या माहितीवरून तज्ज्ञ एक आराखडा काढतात. इंधन कुठून गळत असावं, कोणत्या थरातून कुठे जात असावं आणि ते पाणी कोण वापरतं, हे तिन्ही त्यात येतं. पुढचं प्रत्येक छिद्र आणि प्रत्येक नमुना या आराखड्यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असतो.

हा टप्पा वगळून थेट खणायला लागलं की पैसा जातो आणि हाती काही लागत नाही. गावानं हा आराखडा पाहायला मागावा. गावकऱ्यांना माहीत असलेला बुजलेला नाला किंवा जुनी बारव तपासणाऱ्यांच्या कागदावर नसते. ती एक गोष्ट सांगितल्यानं सगळी दिशा बदलू शकते.

टप्पा ५: माती तपासणं

टाकीच्या कडेला, नळ्यांच्या मार्गावर, टँकर रिकामा करण्याच्या तोंडाशी आणि यंत्रांच्या पायाशी मातीचे नमुने घेतात. गळती टाकीपेक्षा नळ्या आणि त्यांच्या जोडांतून होण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे फक्त टाकीभोवती पाहून थांबू नये. हे काम पंपावर, परवानगीनं आणि प्रशिक्षित माणसांनीच करायचं. विजेच्या तारा आणि इंधनाच्या नळ्या कुठून जातात हे खात्रीनं कळेपर्यंत पहार लावायची नाही.

मातीत हातानं फिरवायचा गिरमिट चालतो, मुरमात तो अडतो आणि पुढे यंत्र लागतं. दर अर्ध्या-एक मीटरवरची थोडी माती पिशवीत बंद करून पीआयडी नावाच्या हातातल्या यंत्रानं वाफ मोजतात. जिथे आकडा जास्त येतो, तिथला नमुना प्रयोगशाळेत जातो. पाणीपातळीच्या लगतची माती हमखास घ्यावी. तरंगणारं इंधन पातळीबरोबर वर-खाली होताना तिथल्या मातीला चोपडत जातं.

माती उघड्यावर ठेवली किंवा प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत प्रयोगशाळेत पाठवली, तर बेंझिन वाटेतच उडून जातं आणि अहवाल येतो, ‘आढळले नाही’. नमुना काढल्याबरोबर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून बर्फात ठेवायचा. काळ्या मातीत उन्हाळी भेगा पडतात आणि इंधन त्या वाटेनं एकदम खाली उतरतं, म्हणून वरची माती स्वच्छ निघाली तरी खालची पाहायलाच हवी.

टप्पा ६: निरीक्षण बोअर

गावातल्या विहिरींवरून सगळं कळत नाही, कारण त्या पाहिजे तिथे नसतात आणि त्यांत अनेक थरांचं पाणी मिसळतं. म्हणून तपासासाठी खास बारीक व्यासाच्या निरीक्षण बोअर घेतात. किमान एक प्रवाहाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी पंपाखाली जाण्याआधी. बाकीच्या खालच्या बाजूला. वरची बोअर नसेल तर दोष पंपाचा की वरून आलेल्या पाण्याचा, हा वाद मिटत नाही.

बोअरमध्ये बारीक फटींचा पाइप बसवतात. त्याच्याभोवती स्वच्छ रेती भरतात आणि वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचं बूच बसवतात, म्हणजे पावसाचं पाणी वरून आत येत नाही. फटींचा भाग कुठे असावा, यावर सगळं अवलंबून असतं. इंधन पाणीपातळीवर तरंगतं, म्हणून फटी पातळीच्या वरही हव्यात आणि खालीही. आपल्याकडे ऑक्टोबर आणि मे यांच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो. मे महिन्याच्या पातळीला धरून फटी ठेवल्या तर पावसाळ्यानंतर त्या पूर्ण पाण्याखाली जातात, आणि वर तरंगणारं इंधन बोअरमध्ये येतच नाही. वर्षभराच्या पातळीची नोंद हाताशी असेल तर ही चूक टळते.

दुसरी चूक त्याहून महाग पडते. बोअर गरजेपेक्षा खोल नेली, तर वरचं दूषित पाणी तिच्यातूनच खालच्या स्वच्छ थरात उतरतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा थर असतो आणि तो पाणी अडवून धरतो. त्याला आरपार भोक पाडताना दहादा विचार करावा लागतो. दूषित जागेजवळ पाण्यासाठी नवी खोल बोअर मारणंही याच कारणानं धोक्याचं आहे, आणि घाबरलेलं गाव नेमकं तेच करायला धावतं.

टप्पा ७: पाण्याचा नमुना

बेंझिन उडून जाणारं असल्यामुळे पाण्याचा नमुना घेताना हवा लागू द्यायची नसते. त्यासाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या लहान कुप्या असतात. पाणी कुपीच्या काठाशी फुगून येईपर्यंत संथपणे भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची आणि उजेडात पाहायचं. बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद, नवी कुपी घ्यायची. कुपीत प्रयोगशाळेनं आधीच आम्लाचे थेंब टाकलेले असतात. त्यानं जिवाणूंचं काम थांबतं, म्हणून कुपी विसळायची नाही. मग ती थेट बर्फात. असा नमुना १४ दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे.

बोअरमध्ये साचलेलं जुनं पाणी आधी हळूहळू काढून टाकतात आणि ताजं पाणी आल्यावर नमुना घेतात. सगळ्यांत स्वच्छ वाटणाऱ्या बोअरपासून सुरुवात करायची आणि सगळ्यांत दूषित शेवटी. जवळ जनरेटर किंवा गाडीचं इंजिन चालू नको, नमुना घेणाऱ्यानं त्याच हातानं गाडीत पेट्रोल भरलेलं नको. शुद्ध पाण्याच्या एक-दोन कोऱ्या कुप्याही सोबत नेतात आणि तशाच परत आणून तपासतात. त्यांत बेंझिन सापडलं तर दोष प्रवासातला किंवा हाताळणीतला असतो.

पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत भरून नेलेला नमुना या कामाला निरुपयोगी आहे. प्रत्येक कुपीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव हवं. ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची सह्यांसह नोंद हवी. पुढे प्रकरण मंडळापुढे किंवा न्यायालयात गेलं तर हाच कागद उभा राहतो.

टप्पा ८: अहवाल मागणं आणि वाचणं

ग्रामपंचायत पाण्याची तपासणी करून घेतेच. पण त्या नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि जंतू पाहतात. बेंझिन त्यात नसतं. म्हणून ‘पाणी पिण्यास योग्य’ असा शेरा असलेला अहवाल पेट्रोलच्या शंकेचं उत्तर देत नाही. प्रयोगशाळेला लेखी सांगावं लागतं: बीटेक्स आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासा. प्रयोगशाळेला या चाचण्यांसाठी एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का, हेही विचारा. मान्यता चाचणीनिहाय असते.

अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलं असेल तर शेजारी पाहा, यंत्र किती कमी प्रमाण ओळखू शकतं. यंत्र लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या खालचं ओळखतच नसेल, तर १० च्या मर्यादेबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही.

एका वेळच्या नमुन्यावर निकाल देऊ नका. पावसाळ्यानंतर पाणी वाढल्यानं प्रमाण कमी दिसू शकतं. किंवा चढलेलं पाणी मातीत अडकलेलं इंधन मोकळं करतं आणि प्रमाण वाढतं. दोन्ही घडतं. म्हणून वर्षभर, निदान ऑक्टोबर ते मे या काळातल्या चारही वेळी नमुने हवेत आणि प्रत्येकाशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहिलेली हवी. बोअरमध्ये तरंगणाऱ्या थराची जाडी पाहून इंधन किती गळलं हेही ठरवू नये. बोअरमधला थर बाहेरच्या मातीतल्या थरापेक्षा जाड दिसतो.

यानंतर काय?

गळती थांबवणं पहिलं. दुरुस्ती झाली तरी जमिनीत गेलेलं इंधन आपोआप निघत नाही. तरंगतं इंधन उपसून काढतात, मातीतली वाफ पंपानं ओढून घेतात, काही ठिकाणी हवा सोडून जिवाणूंना बळ देतात. कमी प्रमाण उरलं तर नियमित मोजणी ठेवून निसर्गाला वेळ देतात. हे काम काही वर्षांचं असतं, आणि तोवर बाधित घरांना दुसरं पाणी मिळायलाच हवं. अमेरिकेत १९८४ पासून भूमिगत टाक्यांच्या ५ लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. १९९६ मध्ये पेट्रोलमधल्या एमटीबीई या द्रव्यामुळे कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपलं जवळजवळ निम्मं पाणी पुरवणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, १० किंवा त्याहून अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी वस्ती यांच्यापासून ५० मीटर अंतर हवं, अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नको, असं त्या सांगतात. पण विहिरीपासून किती अंतर पुरेसं, हे शेवटी तिथला खडक आणि त्याच्या भेगा ठरवतात. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले. संशयित जागा कळवणं, राज्य मंडळानं ती तपासणं आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकणं, हा त्यांचा गाभा आहे. पण गळती आपल्याच टाकीतली हे सिद्ध झाल्याशिवाय कुणी खर्च उचलत नाही, आणि सिद्ध करायला आधीची नोंद लागते.

ग्रामसभेत आजच ठरवता येईल असं

गळतीची वाट पाहायचं कारण नाही. आपल्या शिवारात पंप असेल किंवा येऊ घातला असेल, तर पुढची कामं आधीच करून ठेवता येतात.

पंपाच्या वरच्या बाजूची एक आणि खालच्या बाजूच्या दोन विहिरी निवडा. त्यांच्या कठड्यांवर पक्की खूण करा आणि एकदाच उंची मोजून घ्या. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, या चार महिन्यांत ठरलेल्या दिवशी टेपनं पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. शाळेतली मोठी मुलं शिक्षकांच्या देखरेखीत हे काम शिकू शकतात.

नवा पंप सुरू होण्याआधी या तिन्ही विहिरींचं बीटेक्स एकदा तपासून अहवाल दप्तरी ठेवा. पंप आधीपासून असेल तरी आजचा अहवाल उद्या कामाला येतो. ना-हरकत देताना टाक्यांचा नकाशा, बसवल्याचं साल आणि दाबचाचणीचा दाखला मागून घ्या. पंपचालकालाही याचा फायदाच आहे: वरच्या बाजूनं घाण येत असेल तर हीच वही त्याला निर्दोष ठरवेल.

हिवरे बाजारनं दाखवून दिलं की विहिरीची पातळी मोजणं हे केवळ सरकारी खात्याचं काम नाही, गावानं ठरवलं तर वर्षानुवर्षं ते चालू राहू शकतं. त्यांनी ते पाणी पुरावं म्हणून केलं. तीच वही पाणी शुद्ध राहावं म्हणूनही कामाला येते, आणि तिच्यासाठी लागतो एक टेप, एक नोंदवही आणि ठरलेल्या तारखेला विहिरीवर जाणारा एक माणूस. येत्या ग्रामसभेत त्या माणसाचं नाव ठरवून घ्या.